कासव एक, जिवंत

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतका बिनकामाच्या गोष्टींत काटेकोर माणूस दुसरा झाला नाही, आणि माझं ऐकाल तर पुन्हा होऊही नये. ते मोजणीदार होते. म्हणजे शेताच्या बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावले की साखळी, झेंड्या आणि नकाशाची गुंडाळी घेऊन जायचं आणि हद्दीचा दगड कुणीकडे सरकला आहे ते सांगायचं. नोकरीत वाईट काही नाही. पण माणसाने घरी येताना साखळी कचेरीत ठेवून यावी की नाही? यांची साखळी डोक्यात होती. लग्नाच्या पंगतीत सगळे वाढप्याची वाट बघत असताना हे डोळे बारीक करून म्हणणार, "मास्तर, दोन पानांत सव्वा हात पाह्यजे, यायनं पाऊणच ठेवला. कोपर लागते." कोपर लागायचं हे खरं, पण यांनी सांगितल्यावर जरा जास्तच लागायचं. माझी बायको त्यांची सख्खी मेहुणी. आमच्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून उभा असताना या गृहस्थांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि सासऱ्यांच्या कानात सांगितलं, "पाच फूट साडेचार. चालते." हे मला बायकोकडून फार उशिरा कळलं. त्यातला 'चालते' हा शेरा मी त्यांना कधी माफ केला नाही.

दुसऱ्याच्या हद्दीतून चालायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. चिखलीच्या बाजारातून त्यांच्या घराकडे यायला एका मोकळ्या जागेतून तिरपी पायवाट होती. सगळं गाव तिथून जायचं, गावाची गुरं जायची. हे मात्र त्या जागेच्या कडेकडेने, कोपऱ्यावर काटकोनात वळून जायचे. डोक्यावर ऊन, हातात भाजीची पिशवी, आणि मागे मी, कारण थोरल्या साडूंना सोडून पुढे जाणं बरं दिसत नाही. एकदा वैतागून मी विचारलं, "दादा, ही जागा आहे तरी कुणाची?" ते म्हणाले, "ते मालूम नाई. पन आपली नाई, येवढं पक्कं मालूम हाये." महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शेर जाऊन किलो येत होते, मैल जाऊन किलोमीटर. या बदलाचा सगळ्या देशात कुणाला मनापासून राग आला असेल तर तो या माणसाला. "हात आंगाले हाये, वीत आंगाले हाये. मीटर कुठं हाये आंगाले?" असं ते मला विचारायचे, जणू मीटर मीच आणला. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो, माझा मीटरशी काय संबंध?

तर अशा माणसाने घरी पाळलं काय? कुत्रं नाही, पोपट नाही, दुधाची शेळी नाही. कासव पाळलं. ते त्यांना पैनगंगेच्या काठी एका बांधाच्या भांडणात मिळालं. दोन चुलतभाऊ होते. बाभूळ आमची, विहिरीचा दोर आमचा, पडलेला धोंडासुद्धा आमचा, अशी दुपारभर दोघांची हमरीतुमरी चालली होती. बरोबर हद्दीवरच्या चिखलात हे कासव बसलं होतं. साडूंनी दोघांना रीतसर विचारलं, "हे कोनाचं?" कागदावर काय लिहितील या भीतीने दोघंही एका सुरात म्हणाले, "आमचं नाही साहेब." यांनी ते झेंड्यांच्या पिशवीत घालून घरी आणलं. "अख्ख्या नोकरीत बिनवादाची ही येकच वस्तू भेटली, मास्तर," असं ते मला सांगत. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मला उठून घरी जावंसं वाटायचं.

पुढे त्यांनी जे केलं ते बघून गावात हसायचं कुणी बाकी राहिलं नाही. मागच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली नऊ फूट बाय पाच फूट हौद खणला. एका बाजूला उतार, कासवाला चढताना पाय घसरू नये म्हणून त्यावर खडबडीत फरश्या. शेजारी काळ्या मातीचा दोन फूट खोल मऊ वाफा. कडेने गुडघाभर विटांची भिंत, आणि चार कोपऱ्यांना चुन्याने रंगवलेले चार हद्दीचे दगड, त्यांवर एक ते चार आकडे. या सगळ्याचा जाड कागदावर नकाशाही होता आणि त्यावर उत्तर दिशा दाखवणारा बाण होता. कासवाला उत्तर दिशेचं काय काम? तेव्हा मी दोन खोल्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात राहत होतो. खिडकी एक, आणि तीही शेजाऱ्याच्या गोठ्याकडे उघडणारी. या प्राण्याला मात्र ऊन होतं, सावली होती, पाणी होतं, चिखल होता. मला त्याचा हेवा वाटत नव्हता असं मी म्हणणार नाही.

खाण्याचीही तशीच तऱ्हा. पालक, काकडीचे काप, गांडुळं, आणि बाजाराच्या दिवशी बारकी मासळी. साडूंच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तरी हे गृहस्थ मासळी विकणाऱ्या भोयणीकडे जायचे, तेही भर उन्हाळ्यापावसाळ्यात छत्री तोंडापुढे आडवी धरून. त्या छत्रीमुळे तर लोक मुद्दाम वळून बघायचे. भोयण मोठ्याने विचारायची, "मोजनीसाहेब, किती देऊ?" आणि हे छत्रीच्या आडून म्हणायचे, "बोटभर लांबीच्या सहा." एका श्रावणात शेजारच्या काकूंनी, देवळात सभामंडपापुढे दगडाच्या कासवाला वाहतात तसं, याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. साडूंनी धोतराच्या सोग्याने ती पाठ पुसून काढली. "हे देवळातलं नाई, हे नदीवरचं हाये," एवढंच बोलून दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मला खरंच वाईट वाटायचं. विहिरीतून रोज बारा बादल्या त्या ओढायच्या, त्यातल्या चार कासवाच्या. "आन् पानी टाकलं की हे मेलं पाठ दाखवून बसते," असं त्या म्हणायच्या. पण त्याच अक्का नारळाच्या काथ्याने त्याची पाठ घासून द्यायच्या आणि घासता घासता त्याच्याशी बोलायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात हे कुणी बोलत नसे, आणि बाहेर सगळे बोलत.

आधी सणावारी येऊन जाणारा मी चिखलीला राहायला आलो तो जूनमध्ये, आणि दिवाळीनंतर साडूंची बदली झाली मलकापूरला. तिथे राहायला कापसाच्या गोदामावरच्या माडीत दोन खोल्या. अंगण नाही, मातीच नाही. "मास्तर, आमचं घर तुमी वापरा," ते म्हणाले. मी इतका खूश झालो की अट ऐकण्याआधीच हो म्हणून बसलो. कचेरीत एक अधिकारी दुसऱ्याला चार्ज देतो तसा त्यांनी मला चार्ज दिला. कागदावर मोत्यासारख्या अक्षरात चौदा कलमं होती. पहिलं कलम, 'कासव एक, जिवंत.' दुसरं, 'हौद एक, न गळणारा.' तिसरं, 'दगड चार, आकड्यांसह.' इथवर वाचून मला हसू आवरेना, आणि मी खाली 'सर्व बरोबर' लिहून सही ठोकली. परीक्षेच्या आधी मुलांना वीस वेळा बजावणारा मी, की बाबांनो, आधी पेपर पूर्ण वाचा!

एसटी सुटताना मात्र त्यांनी माझा हात धरला. अक्का आत खिडकीशी बसल्या होत्या, गेल्या महिनाभरात त्या फार उतरल्या होत्या. साडू हळूच म्हणाले, "मास्तर, हिले बरं राहत नाई. तिथं हिचं मन लागनार नाई. दर आयतवारी येक कार्ड टाका. कासव किती फूट चाललं, काय खाल्लं, येवढंच लिवा. मी वाचून दाखवीन." मी शब्द दिला. हात धरलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार?

माझे रविवार तेव्हापासून वाया गेले. कासव कुठून निघालं, कुठे थांबलं, कुठल्या नंबरच्या दगडापाशी उन्हाला बसलं, हे सगळं गाठी मारलेल्या दोरीने मोजायचं. कुंपणापलीकडून माझेच विद्यार्थी जायचे आणि एक जण दुसऱ्याला सांगायचा, "पाह्य बे, मास्तर कासवाच्या मांगं फिरून राह्यले." ते कासवही मोठं बेरकी. मी दोरी घेऊन बसलो की मान आत. मी चहाला गेलो की हे हौदाच्या दुसऱ्या टोकाला. अर्धे आकडे मी अंदाजानेच लिहायचो. फाल्गुनात विहिरीचं पाणी खाली गेलं तशा मी चार बादल्यांच्या दोन केल्या, दोनाची एक केली. हौदाच्या तळाला भेगा दिसू लागल्या. पाडव्यानंतरच्या एका रविवारी दोरी घेऊन गेलो तर कासव नाही.

हौद बघितला, डाळिंबाचं बूड बघितलं, मोरीत हात घातला, न्हाणीघराच्या दारामागे पाहिलं. शेजारच्या काकूंच्या तुळशीपर्यंत जाऊन आलो. कुत्र्याने नेलं म्हणावं तर रक्त नाही, पाठीचं कवच नाही. एवढं सावकाश चालणारं जनावर गेलं कुठे? बायको ओट्यावर बसून रडायला लागली. त्याच आठवड्यात मलकापूरहून पत्र आलं होतं, अक्का अंथरुणाला खिळल्या, ताप उतरत नाही, पायांतलं बळ गेलं आहे. "आता अक्काले काय सांगू मी?" बायको म्हणाली. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'सत्तेचाळीस फूट चाललं. पालक खाल्ला. तब्येत उत्तम.'  कासवाचा जीव माझ्या हलगर्जीपणामुळे गेला, हे मला नीट कळत होतं.

पण खोटं बोलण्याची एकदा सवय लागली की हात सैल सुटतो. पुढच्या रविवारी कासव बावन्न फूट चाललं. त्याच्या पुढच्या रविवारी एक कावळा आला, दगड नंबर दोनवर बसला आणि कासवाकडे बघू लागला. उत्तर आलं, 'मजकूर पोचला. अक्का उठून बसली. कावळ्याचं पुढे काय झालं ते लिहावे.' झालं! मी कावळ्याला रोज यायला लावलं. काकडीच्या कापावरून दोघांची भांडणं लावली, वैशाखात समेट घडवला. नसलेलं कासव एका रविवारी मी थेट उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलं. बायको मधे चार दिवस मलकापूरला जाऊन आली, तर तिनेही बहिणीच्या उशाशी बसून कावळा रंगवून सांगितला. इकडे हौद रिकामाच होता. जळणाला आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, ठेवायला जागा नव्हती. त्या मी वाफ्यावर आणि हौदात कमरेएवढ्या रचून टाकल्या.

ज्येष्ठात मृगाच्या आठ दिवस आधी कार्ड आलं. 'सोमवारी दोघे येत आहोत. अक्काला कासव बघायचे आहे.' ते दोन दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. पैनगंगेवरच्या भोयांकडून दुसरं कासव आणावं असंही मनात आलं. पण समोरचा माणूस मोजणीदार. पाठीच्या मापावरून ओळखणार, आणि 'अर्धा इंच कमी हाये' असं सगळ्यांसमोर सांगणार.

सोमवारी सकाळी दोघं टांग्यातून उतरले. अक्का काठीसारख्या वाळल्या होत्या, पण चालत आत आल्या, तशाच मागच्या अंगणात जाऊन खाटेवर बसल्या. "कोठी हाये ते?" त्यांनी विचारलं. मी साडूंना बाजूला घेतलं.  "दादा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे..." त्यांनी पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, मांगून सांगा. आधी ह्या पऱ्हाट्या उचलाले हात लावा." आम्ही दोघांनी ढीग हलवला. त्यांनी दगड नंबर तीनपासून पूर्वेला हाताने माप घेतलं, कोपरापासून बोटापर्यंत दोनदा, आणि वाफ्यावर एक काडी रोवली. "आता चार बादल्या पानी आना. हळू टाका, धार नका मारू." मी विहिरीवरून चार बादल्या ओढून आणल्या. अक्का इतकी वर्षं काय करत होत्या ते त्या दिवशी माझ्या खांद्यांना कळलं.

चहा झाला. पोहे झाले. ऊन डाळिंबाच्या पलीकडे सरकलं. मी ओल्या मातीकडे बघत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसाचं डोकं उन्हाने गेलं. तेवढ्यात काडी हलली, मग आडवी पडली. चिखलातून एक टोकदार नाक वर आलं, दोन बारीक डोळे आले, आणि दोन महिन्यांची झोप मोडल्याबद्दल जगावर रागावलेलं ते कासव अर्धं बाहेर येऊन थांबलं. "आलं वो माय!" अक्कांनी टाळी वाजवली. मला वाटतं मीही वाजवली.

दुपारी विहिरीपाशी साडूंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझ्या सहीचा. त्यांनी अकराव्या कलमावर बोट ठेवलं. 'चैत्र ते ज्येष्ठ कासव मातीत राहते. जागा मोकळी ठेवावी. उकरू नये.' मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. "म्हणजे माझी कार्डं..." मी चाचरलो. "पयल्याच कार्डात समजलं," ते म्हणाले. "चैत्रात सत्तेचाळीस फूट? माह्या नोकरीत येवढी चुकीची मोजनी मी पाह्यली नाई." "मग तुम्ही बोलला का नाहीत?" त्यांनी कागदाची घडी पुन्हा तशीच घातली. "ती म्हने, आज किती चाललं ते वाचा. बावन्न फूट म्हटलं की उशीले टेकून बसे. मंग मी काऊन बोलू? ते चाललं म्हून ही उठली, मास्तर." साऱ्या आयुष्यात एका इंचाची फसवाफसवी खपवून न घेणारा माणूस दोन महिने दर आठवड्याला माझं खोटं मोठ्याने वाचत होता.

संध्याकाळी बायकोने मला वेगळंच सांगितलं. चुलीपाशी बसून अक्का तिला म्हणाल्या होत्या, "अवं, दरसाल त्याच्यावर पानी टाकनारी मी. चैत्रात ते कोठून चालते? पन हे चष्मा लावत, माह्यापाशी बसत, कावळ्याचा आवाज काढून दाखवत. लगन झाल्यापासून यायले असं हसताना मी पाह्यलं नव्हतं. म्हून ऐकत राह्यली. यायले सांगजो नको." बायकोने मला सांगितलं, मी कुणालाच सांगितलं नाही. त्या रात्री जेवताना साडू म्हणाले की माझ्या पाटाचं भिंतीपासूनचं अंतर चुकलं आहे. मी मुकाट्याने पाट सरकवला.

अक्का पुढच्या पौषात गेल्या. साडू मलकापूरलाच राहिले. "त्या आंगनात मी आता काय पाहू?" एवढंच म्हणाले. मी कार्डं टाकणं बंद केलं. ज्यांना वाचून दाखवायचं त्याच नव्हत्या. चैत्र आला, कासव वेळेवर मातीत गेलं. या वर्षी मी वाफा मोकळा ठेवला, शेजारच्या काकूंना तिथे गोवऱ्यासुद्धा ठेवू दिल्या नाहीत. वैशाखात मलकापूरहून एक कार्ड आलं. मोत्यासारखं अक्षर आता थोडं थरथरत होतं. एकच ओळ होती, 'अहवाल आला नाही.'

मी कार्ड घेऊन मागच्या अंगणात गेलो. वाफा शांत होता, चारी दगड आपापल्या जागी होते. त्या माणसाला मी इतकी वर्षं हसलो याची मला तिथे उभं राहून लाज वाटली. मग मी दगड नंबर दोनवर बसलो आणि लिहिलं, 'बावन्न फूट चाललं. काकडी खाल्ली. कावळा येऊन गेला, तुमची चौकशी करत होता.'

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'मजकूर पोचला. येवढं चालू देऊ नये, दमेल.'